बदली खेळाडू

१९९९ सालच्या यू.एस. ओपनमध्ये फिल मिकेलसनच्या सामानात गोल्फच्या काठ्यांबरोबर एक पेजरही होता. पेजर म्हणजे मोबाईल सर्रास होण्याआधीची छोटी डबी. कुणी निरोप पाठवला की ती वाजायची. स्पर्धा होती अमेरिकेच्या पूर्वेकडे, उत्तर कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला. मिकेलसनची बायको होती सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, ॲरिझोनात, आणि तिचे दिवस भरत आले होते. मिकेलसननं आधीच सांगून टाकलं होतं, की पेजर वाजला तर मी निघणार. आघाडीवर असलो तरी निघणार.

२० जून, शेवटचा दिवस. शेवटच्या होलपर्यंत मिकेलसन आणि पेन स्टुअर्ट यांच्यात चुरस होती. स्टुअर्टनं जवळपास पंधरा फुटांवरून मारलेला चेंडू बरोबर खळग्यात गेला आणि तो एका फटक्याच्या फरकानं जिंकला. जिंकल्यावर त्यानं मिकेलसनचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तू आता बाप होणार आहेस, असं त्याला सांगितलं. पेजर वाजलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, मिकेलसनची मुलगी जन्मली.

आता यातली गंमत बघा. त्या वेळच्या नियमानुसार दोघांची बरोबरी झाली असती, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण अठरा होल खेळून विजेता ठरला असता. म्हणजे स्टुअर्टचा तो एक फटका चुकला असता, तर निर्णायक सामना आणि बाळाचा जन्म एकाच दिवशी आले असते. स्टुअर्ट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात गेला. मिकेलसननं पुढे बाकीच्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण यू.एस. ओपनमध्ये तो सहा वेळा दुसरा आला आणि एकदाही पहिला आला नाही. त्यामुळे पेजर वाजला असता तर तो काय सोडून गेला असता, हे आज स्पष्ट दिसतं.

ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण तिच्यात एक सोय आहे. मिकेलसनला कुणाची परवानगी लागणार नव्हती. गोल्फ हा एकट्याचा खेळ. निघून गेला असता तर नुकसान त्याचं एकट्याचं. त्याच्या जागी कुणाला उभं करायचं नव्हतं आणि परत आल्यावर ती जागा कुणाकडून मागूनही घ्यायची नव्हती. सांघिक खेळात या दोन्ही गोष्टी येतात. ‘सामना मोठा की मूल मोठं?’ हा वाद आपण नेहमी मनाच्या पातळीवर घालतो. कोण किती देशभक्त, कोण किती चांगला बाप. इतिहास मात्र सांगतो, की बहुतेक वेळा हा प्रश्न मनात सुटलेला नाही. आपल्या जागी कोण आहे आणि आपली जागा राहील का, यावर तो सुटलेला आहे.

कानपूर, फेब्रुवारी १९७६

आपल्याकडे या विषयावर सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट सुनील गावसकरांची आहे. ती अशी फिरते, की गावसकरांनी मुलाच्या जन्मासाठी रजा मागितली, क्रिकेट बोर्डानं ती नाकारली, आणि गावसकर निमूटपणे देशासाठी खेळत राहिले. आजच्या खेळाडूंना टोमणा मारायला ही गोष्ट फार उपयोगी पडते. पण ती तशी घडलेली नाही.

१९७६च्या सुरुवातीला भारतीय संघ आधी न्यूझीलंडला आणि तिथूनच पुढे वेस्ट इंडीजला गेला. जानेवारी ते एप्रिल असा सलग दौरा. आपण परदेशात असतानाच मूल जन्माला येणार, हे गावसकरांना निघतानाच ठाऊक होतं. बायकोचा पाठिंबा होता, ते गेले. ऑकलंडच्या पहिल्या कसोटीत बेदी जखमी असल्यानं त्यांनी कर्णधारपदही सांभाळलं. फेब्रुवारीच्या मध्याला वेलिंग्टनच्या कसोटीत क्षेत्ररक्षण करताना चेंडू त्यांच्या गालावर बसला आणि हाड मोडलं. २० फेब्रुवारीला कानपूरला, म्हणजे बायकोच्या माहेरच्या गावी, मुलगा झाला.

२०२०मध्ये या जुन्या गोष्टीवरून पुन्हा गदारोळ झाला, तेव्हा गावसकरांनी स्वतःच लेख लिहून खुलासा केला. बाळंतपणासाठी रजा मागितली आणि नाकारली गेली, असं झालंच नव्हतं. डॉक्टरांनी काही आठवडे विश्रांती सांगितली होती. वेस्ट इंडीजमधली पहिली कसोटी १० मार्चला होती, मध्ये तीन आठवडे होते. नाहीतरी खेळायचं नाही, तर स्वतःच्या खर्चानं भारतात जाऊन कसोटीपर्यंत परत येतो, एवढं त्यांनी विचारलं होतं. पण व्यवस्थापक पॉली उम्रीगर यांना ते संघाबरोबर हवे होते. ते संघाबरोबर गेले.

एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारतानं चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं. कसोटीत चारशेच्या वर धावा करून जिंकण्याची ही तोवरची फक्त दुसरी वेळ. गावसकर १०२, विश्वनाथ ११२. मग किंग्स्टनची ती कुप्रसिद्ध कसोटी, जिच्या दुसऱ्या डावात भारताचे पाच खेळाडू जखमी म्हणून फलंदाजीलाच आले नाहीत. ती २५ एप्रिलला संपली. तोपर्यंत बाळ दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं आणि बापानं ते पाहिलेलं नव्हतं. त्याचं नाव मात्र सगळं क्रिकेटमधून आलं. रोहन जयविश्व. कन्हायचा रोहन, जयसिंहांमधला जय आणि विश्वनाथमधला विश्व.

त्या काळी यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. याचं कारण क्रिकेटमध्ये शोधण्यापेक्षा आपल्या घरांमध्ये शोधलेलं बरं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात मुलगी आईकडे जायची. जन्माच्या वेळी जवळ आई, मावशी, सुईण किंवा दवाखान्यातली नर्स. बाप बहुतेक वेळा दुसऱ्याच गावात. त्याला तार जायची. तो बारशाला पोचला तरी पुष्कळ झालं. कोकणातल्या चाकरमान्यांचं तर आणखी अवघड. बायको गावी, नवरा मुंबईच्या गिरणीत. मूल रांगायला लागल्यावर गणपतीच्या सुट्टीत बापलेकांची पहिली भेट, अशी घरं तुमच्याही नात्यात सापडतील.

गिरण्यांमध्ये एक शब्द होता, बदली. कायम कामगार कामावर आला नाही, तर त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार. असे बदली सकाळी गिरणीच्या दारात वाट बघत थांबायचे. कुणी आजारी, कुणी गावी गेला, तर त्या दिवसाचा रोजगार त्यांना मिळायचा. कायम कामगाराला गावी जाता यायचं, कारण दारात बदली उभा असायचा. आणि जास्त दिवस राहवायचं नाही, तेही दारात बदली उभा असायचा म्हणूनच. हा शब्द लक्षात ठेवा. खेळातला पुढचा सगळा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो.

एक लाख अकरा हजार डॉलरची सुट्टी

पश्चिमेकडेही बाप पूर्वी बाहेरच असायचा. दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालणारा. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडच्या रुग्णालयांनी बापाला प्रसूतीच्या खोलीत येऊ द्यायला सुरुवात केली आणि एका पिढीत अपेक्षाच बदलली. जन्माच्या वेळी हजर असणं हा बापपणाचा भाग झाला. खेळाची वेळापत्रकं मात्र जुन्याच बापांच्या हिशेबानं चालली होती. ही टक्कर कधीतरी होणारच होती. ती झाली १९९३मध्ये, अमेरिकन फुटबॉलमध्ये.

डेव्हिड विल्यम्स ह्यूस्टन ऑयलर्स संघाचा खेळाडू. १६ ऑक्टोबर १९९३ला, शनिवारी संध्याकाळी, ह्यूस्टनमध्ये त्याचा मुलगा जन्मला. रविवारी संघाचा सामना दूर मॅसॅच्युसेट्समध्ये होता. आधी एकदा या जोडप्याचा गर्भपात झालेला होता. विल्यम्स बायकोजवळ थांबला, सामन्याला गेला नाही. संघानं त्याचा त्या आठवड्याचा पगार कापला. रक्कम १,११,१११ डॉलर. संघाच्या एका प्रशिक्षकानं तर थेट दुसऱ्या महायुद्धाशी तुलना केली. बायको बाळंत होतेय म्हणून विमान उडवायला येत नाही, असं युद्धात चालतं का, असा त्याचा सूर होता.

लोक भडकले, पण संघावर. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला ‘बेबीगेट’ म्हटलं. त्याच वर्षी ५ ऑगस्टपासून अमेरिकेत एक नवा कायदा लागू झाला होता. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थांत मुलाच्या जन्मासाठी आई आणि बाप दोघांनाही बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा घेण्याची तरतूद त्यात होती. देश एका दिशेला निघाला होता आणि फुटबॉलची ड्रेसिंग रूम दुसऱ्या. आणि तो सामना? ऑयलर्सनी तो विल्यम्सशिवाय २८-१४ असा जिंकला.

खरा उपाय बेसबॉलनं काढला, तोही भाषणं न करता. २०११पासून तिथे ‘पितृत्व यादी’ नावाची सोय झाली. मूल होणार असेल तर खेळाडू एक ते तीन दिवस या यादीत जाऊ शकतो, आणि तेवढ्या काळापुरता संघ त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेऊ शकतो. टेक्सास रेंजर्सचा कोल्बी लुईस हा या यादीत गेलेला पहिला खेळाडू. पूर्वी खेळाडू गेला, की संघाला एक माणूस कमी घेऊन खेळावं लागे. त्यामुळे सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. आता दारात बदली आला. त्यामुळे जाणाऱ्याचा अपराधीपणा बराच कमी झाला.

पण टीका संपली नाही. २०१४मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा डॅनियल मर्फी हंगामाचे पहिले दोन सामने खेळला नाही, कारण मुलगा झाला होता. हंगामात १६२ सामने असतात. त्यातल्या दोनसाठी एका रेडिओ कार्यक्रमात बूमर असायसननं त्याला सुनावलं. मी असतो तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच सिझेरियन करून घ्या म्हटलं असतं, असा त्याचा सल्ला. असायसन स्वतः जुना फुटबॉलपटू. नंतर त्यानं माफी मागितली. एकवीस वर्षांत एवढा फरक पडला होता. १९९३मध्ये खेळाडूला दंड झाला, २०१४मध्ये टीका करणाऱ्याला माफी मागावी लागली.

तीन कर्णधार

क्रिकेटमध्ये अडचण जास्त, कारण दौरे लांबचे. तीन दिवसांत ऑस्ट्रेलियाहून जाऊन परत येता येत नाही. शिवाय कर्णधाराची जागा कुणीच घेऊ शकत नाही, असं सगळे धरून चालतात. कर्णधार स्वतःही.

३ नोव्हेंबर २००१. सौरव गांगुलीची मुलगी जन्मली, त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला पहिली कसोटी सुरू झाली. सचिननं १५५ केल्या, पदार्पणातच सेहवागनं १०५. कर्णधार मैदानावर होता.

२००६मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. कर्णधार मायकेल वॉनचा गुडघा गेला, उपकर्णधार मार्कस ट्रेस्कोथिक घरी परतला. राहिला अँड्र्यू फ्लिंटॉफ. त्याचं आधी ठरलेलं होतं, की नागपूरची पहिली कसोटी खेळायची आणि दुसऱ्या मुलाच्या जन्मासाठी घरी जायचं. कर्णधारपद गळ्यात पडलं आणि तो थांबला. त्याचा मुलगा या दौऱ्यातच जन्मला, बाप भारतात असताना. मार्चमध्ये वानखेडेवर भारताचा दुसरा डाव १०० धावांत आटोपला, इंग्लंड २१२ धावांनी जिंकलं आणि मालिका बरोबरीत सुटली. भारतात कसोटी जिंकायला इंग्लंडला एकवीस वर्षं लागली होती. सामनावीर फ्लिंटॉफ, मालिकावीरही फ्लिंटॉफ. त्यानं थांबण्याचं ठरवलं ते बरोबर की चूक, हे या निकालावरून ठरत नाही. पण निकाल असा लागला की नंतर कुणी प्रश्नच विचारत नाही.

तिसरा महेंद्रसिंह धोनी. ६ फेब्रुवारी २०१५ला त्याची मुलगी जन्मली. धोनी ऑस्ट्रेलियात होता, विश्वचषक आठवड्यावर आलेला. पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर साधारण असं होतं, की मी देशाच्या कामावर आहे, बाकीचं थांबू शकतं. २६ मार्चला सिडनीत भारत उपांत्य सामना ९५ धावांनी हरला. धोनीनं मुलीला पाहिलं ते त्यानंतर. या उत्तराचं तेव्हा देशभर कौतुक झालं आणि पाच वर्षांनी त्याच उत्तराचा दंडुका करून तो विराट कोहलीच्या पाठीत घालण्यात आला.

तिन्ही कर्णधार थांबले. तिघांची जागा संघात सगळ्यांत पक्की होती, त्यांना कुणी काढणार नव्हतं. तरी ते अडकले, कारण त्यांच्या जागी दुसरा कुणी चालेल, हे कुणी बोलूनच दाखवलं नव्हतं.

एक कर्णधार, एक नेट बोलर

मग हळूहळू बदल होऊ लागला. ३० डिसेंबर २०१८ला भारतानं मेलबर्न कसोटी जिंकली आणि त्याच दिवशी मुंबईत रोहित शर्माची मुलगी जन्मली. रोहित सिडनीची शेवटची कसोटी सोडून घरी आला. भारतानं ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच मालिका जिंकली, तेव्हा तो तिथे नव्हता. ५ ऑक्टोबर २०१९ला अजिंक्य रहाणेला मुलगी झाली. रहाणे त्या वेळी विशाखापट्टणमला कसोटी खेळत होता. सामना संपल्यावर तो मुंबईला येऊन बाळाला भेटला, कारण पुढची कसोटी पुण्यात १० तारखेला होती. घर वाटेवर पडलं म्हणून हे जमलं.

नोव्हेंबर २०२०मध्ये बोर्डानं कर्णधार कोहलीची पितृत्व रजा जाहीर केली. ॲडलेडची पहिली कसोटी खेळून तो परतणार. त्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. अशा वेळी कर्णधार घरी निघालेला. समाजमाध्यमांवर काय काय लिहिलं गेलं, ते तुम्ही वाचलंच असेल. पण मेलबर्नला रहाणेनं कर्णधार म्हणून ११२ धावा केल्या आणि भारत जिंकला. ११ जानेवारी २०२१ला सिडनीत विहारीनं दुखऱ्या पायानं १६१ चेंडू आणि अश्विननं दुखऱ्या पाठीनं १२८ चेंडू खेळून कसोटी वाचवली. त्याच दिवशी कोहलीची मुलगी जन्मली. आठवड्यानं ब्रिस्बेन जिंकलं, मालिका जिंकली. कर्णधाराला बदली नसतो ही समजूत त्या महिन्यात मोडली, आणि ती आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्यनं मोडली.

आता त्याच दौऱ्यातला दुसरा माणूस बघा. तमिळनाडूतल्या सेलमजवळच्या खेड्यातला टी. नटराजन. आयपीएलच्या बाद फेरीच्या दिवसांत, नोव्हेंबर २०२०मध्ये, त्याला मुलगी झाली. तो दुबईहून परस्पर ऑस्ट्रेलियाला गेला. कशासाठी? नेट बोलर म्हणून. म्हणजे सरावात फलंदाजांना चेंडू टाकायला. एकेक करून बाकीचे गोलंदाज जखमी होत गेले आणि नटराजनला आधी एकदिवसीय, मग टी-ट्वेंटी आणि १५ जानेवारीला ब्रिस्बेनला कसोटीही खेळायला मिळाली. एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारांत पदार्पण करणारा तो पहिला भारतीय. मुलीला त्यानं पाहिलं ते जानेवारीअखेर, गावी परतल्यावर.

हा फरक ज्यांनी जाहीरपणे दाखवून दिला, त्यांत गावसकर होते. कर्णधाराला एक नियम आणि नटराजनला दुसरा, असं त्यांनी डिसेंबर २०२०च्या लेखात लिहिलं. त्यावर त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं, की हे कोहलीवर जळतात. पण त्यांचा मुद्दा कोहलीनं जाऊ नये असा नव्हता. नटराजनचं काय, असा होता. आणि त्या मुद्द्यावर बोलायचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला असेल?

नटराजन स्वतःच बदली होता. गिरणीच्या दारात उभा असलेला. असा माणूस रजेचा अर्ज करत नाही, कारण त्याला उत्तर आधीच माहीत असतं. तो गेला असता, तर ब्रिस्बेनला दुसऱ्या कुणीतरी पदार्पण केलं असतं. म्हणजे अडकतात ती दोन टोकांची माणसं. एक, ज्याच्या जागी कुणीच चालणार नाही असं सगळ्यांना वाटतं. दुसरा, ज्याच्या जागी कुणीही चालेल.

आणि आई?

इथपर्यंत सगळं बापांबद्दल झालं. आईसाठी हा प्रश्न ‘जावं की राहावं’ असा येतच नाही. बाप निदान विमानात बसून निघून जाऊ शकतो.

२०२२च्या सुपर बोलमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या व्हॅन जेफरसनची बायको प्रेक्षकांत बसली होती. सामना चालू असतानाच तिला कळा सुरू झाल्या आणि तिला स्ट्रेचरवरून दवाखान्यात नेलं. रॅम्स जिंकले, जेफरसन मैदानातून धावत दवाखान्यात गेला आणि मूल जन्मलं. चॅम्पियन आणि बाप एकाच रात्री, अशा बातम्या झाल्या. पण जिनं कळा दिल्या, ती बातम्यांत ‘बायको’ एवढीच होती.

त्याच वर्षी चेन्नईजवळ मामल्लपुरमला बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं. द्रोणवल्ली हरिका नवव्या महिन्यात होती. ती खेळली. भारतीय महिला संघानं ऑलिंपियाडमधलं आपलं पहिलं पदक, कांस्य, जिंकलं. स्पर्धा ऑगस्टमध्ये संपली आणि त्याच महिन्यात हरिकाला मुलगी झाली. पटावर बसून खेळायचा खेळ म्हणून हे शक्य झालं, आणि तेही तिनं आपल्या जबाबदारीवर केलं.

धावायच्या खेळात हिशेब वेगळा. सेरेना विल्यम्सनं जानेवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हा ती गरोदर होती. सप्टेंबरमध्ये सिझेरियननं मुलगी झाली. त्यानंतर रक्ताच्या गाठींमुळे तिच्या जिवावर बेतलं होतं. २०१८च्या फ्रेंच ओपनला ती परतली तेव्हा तिचं जागतिक क्रमवारीतलं स्थान साडेचारशेच्या आसपास घसरलेलं होतं आणि तिला मानांकन नव्हतं. जगात पहिली असलेली बाई बाळंतपणाला गेली आणि परत येऊन बघते तर रांगेच्या शेवटी. त्या वर्षाच्या अखेरीस महिला टेनिस संघटनेनं नियम बदलले. आता बाळंतपणानंतर तीन वर्षांपर्यंत खेळाडू आपलं जुनं स्थान वापरून स्पर्धांत प्रवेश घेऊ शकते. म्हणजे तिची जागा धरून ठेवली जाते.

धावपटू ॲलिसन फेलिक्सनं २०१९मध्ये वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं, की आई झाल्यावर नाइकी तिला आधीपेक्षा ७० टक्के कमी पैसे देऊ पाहत होती. बाळंतपणानंतर कामगिरी घसरली तरी काही काळ पैसे कापू नयेत, एवढीच तिची मागणी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीनं गरोदरपणाच्या भोवतीच्या अठरा महिन्यांत पैसे कापायचे नाहीत, असं धोरण जाहीर केलं.

बायकांनी भांडून मिळवलेल्या या दोन्ही गोष्टींत कुणी सुट्टी मागितलेली नाही. शरीर सुट्टी घ्यायलाच लावतं. मागणी आहे ती परत येण्याची वाट मोकळी ठेवण्याची. बापांच्या वादात हीच गोष्ट झाकलेली असते, आयांच्या बाबतीत ती उघड दिसते.

खेळाडू सोडा, तुमच्या-आमच्याकडे काय आहे? आपल्या कायद्यानं नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला पंधरा दिवस. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू असा कायदाच नाही. कंपनी देईल ते. डिलिव्हरीच्या दुचाकीवर, दिवसाच्या हिशेबावर काम करणारा बाप तर नटराजनच्याही मागे उभा आहे. त्यानं ॲप बंद केलं की त्याची ऑर्डर त्याच सेकंदाला दुसऱ्याकडे जाते.

राजकोट, मग ॲडलेड

२०२४च्या सुरुवातीला इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतून कोहलीनं माघार घेतली. कारण तेव्हा सांगितलं नाही. राहुल जखमी होता, अय्यर संघाबाहेर होता. मधल्या फळीत जागा रिकाम्या पडल्या. १५ फेब्रुवारीला राजकोट कसोटी सुरू झाली आणि मुंबईसाठी वर्षानुवर्षं धावांचे ढीग रचलेल्या सर्फराज खानला अखेर कसोटीची टोपी मिळाली. सीमारेषेपाशी त्याचे वडील आणि प्रशिक्षक नौशाद खान ती टोपी हातात घेऊन रडत होते. सर्फराजनं ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या. पाच दिवसांनी कोहलीनं कळवलं, की १५ फेब्रुवारीलाच त्याला मुलगा झाला. एका बापाला त्या दिवशी मैदानावर नसण्याची मोकळीक होती. दुसऱ्या बापाचा मुलगा त्याच दिवसात मैदानावर उतरला. रिकामी झालेली जागा म्हणजे फक्त संघाचं नुकसान, असं म्हणणाऱ्यांनी नौशाद खानचा तो फोटो बघावा.

पण सगळं इतकं गोडही नाही. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला रोहित शर्माला दुसरं मूल झालं. तो आता कर्णधार होता. पर्थची कसोटी सोडून तो घरी थांबला. बुमराहनं नेतृत्व केलं, भारत २९५ धावांनी जिंकला, आणि सलामीला रोहितच्या जागी आलेल्या राहुलनं दुसऱ्या डावात जयस्वालबरोबर २०१ धावांची भागीदारी केली. रोहित ॲडलेडला परतला. सलामीची जागा त्यानं राहुलकडेच राहू दिली आणि स्वतः सहाव्या क्रमांकावर आला. ३ आणि ६ धावा. धावा आटल्या होत्या त्या आधीपासूनच, मायदेशी न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेपासून. रजेचा त्यात दोष नाही. पण जानेवारीत सिडनीला त्यानं स्वतःला संघाबाहेर ठेवलं आणि मे २०२५मध्ये कसोटीतून निवृत्ती घेतली. जिथून सलामीला येऊन नाव कमावलं, ती जागा त्याला कसोटीत पुन्हा फक्त मेलबर्नला मिळाली.

गावसकरांना १९७६मध्ये तीन आठवडे मिळाले नाहीत. रोहितला २०२४मध्ये एक अख्खी कसोटी मिळाली. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढं आपण चाललो. पुढच्या वेळी एखादा खेळाडू मोठ्या सामन्याच्या आधी घरी निघाला, की पुन्हा तोच वाद होईल. देश मोठा की मूल. त्या वेळी एक साधी चौकशी करून बघा. निघालेला माणूस कर्णधार आहे की नेट बोलर? त्याच्या जागी कुणी उभं आहे का? आणि तो परत आल्यावर ती जागा त्याची असेल का? नटराजनला जेव्हा कोहलीइतकं निश्चिंतपणे विमानात बसता येईल, तेव्हा हा प्रश्न सुटला असं म्हणता येईल.